मसुराएवढं भोक

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या मधल्या दारात, उंबऱ्यापासून तीन हात आत, फिलिप्पो ब्रुनेलेस्की उभा राहिला आणि चौकापलीकडच्या अष्टकोनी बाप्टिस्ट्रीचं चित्र त्यानं एका लहान फळीवर रंगवलं. ही गोष्ट पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली. हात म्हणजे तिथला ‘ब्राच्चो’, साधारण ५८ सेंटिमीटरचा. फळी अर्धा हात लांब आणि तेवढीच रुंद. आकाश त्यानं रंगवलंच नाही. त्या जागी घासून चकचकीत केलेली चांदी बसवली, म्हणजे खऱ्या आकाशातले ढग तिच्यात सरकताना दिसावेत. मग फळीला एक भोक पाडलं. बघणाऱ्यानं फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा आणि आरशात उमटलेलं चित्र पाहायचं. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार आन्तोनियो मानेत्ती यानं ही फळी स्वतः हातात धरून पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि भोक केवढं होतं तेही: चित्राच्या बाजूनं मसुराच्या दाण्याएवढं. फळी पुढे हरवली, पण भोक पाडण्यामागचा विचार टिकला. चित्र खरं वाटायचं तर बघणाऱ्याचा डोळा रंगवणाऱ्याचा डोळा होता त्याच जागी हवा, आणि त्याला तिथून हलू द्यायचं नसेल तर एवढंसं भोकच हवं.

लॅटिनमध्ये मसुराला ‘लेन्स’ म्हणतात. दोन्ही अंगांनी फुगीर असलेलं भिंग त्या दाण्यासारखं दिसतं, म्हणून त्याला तेच नाव पडलं. ब्रुनेलेस्कीच्या फळीत मात्र काच नव्हती, नुसतं भोक होतं, आणि तरीही यथार्थदर्शन बिनचूक होतं. युरोपला निघताना कोणत्या लेन्स बरोबर घ्यायच्या, हा प्रश्न सोडवायला इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. जवळची वस्तू किती मोठी आणि लांबची किती लहान दिसेल, कमानीमागून मनोऱ्याचा किती भाग डोकावेल, रस्त्याच्या दोन कडा किती झपाट्यानं जवळ येतील, हे सगळं आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. त्या दृश्याचा केवढा तुकडा कापून घ्यायचा, एवढंच लेन्सच्या हातात असतं. एकाच जागेवरून १६ मिलिमीटरनं घेतलेल्या फोटोचा मधला भाग कापून मोठा केला, तर ८५ नं घेतलेल्या फोटोतलंच दृश्य मिळतं. बारकावा तेवढा कमी. म्हणून आधी विचारायचं ते हे, की त्या शहरात उभं राहायला जागा कुठे आहे आणि किती लांब आहे. बॅग भरताना आपण नेमकं उलट करतो. सर्वांत लहान आकड्यापासून सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत मध्ये कुठे फट राहू नये, एवढंच पाहतो. फ्लॉरेन्समधली अंतरं मोजली तर उत्तर वेगळं येतं. तिथे दोन लेन्स पुरतात, ३५ आणि ८५ मिलिमीटर. आणि जागा जिथे सर्वांत अरुंद, तिथे बाहेर काढायची ती ८५ ची.

इमारत किती लांबून पाहावी याचा हिशोब छायाचित्रकारांच्या आधी नगररचनाकारांनी केला होता. हेर्मान मेर्टेन्स या जर्मन वास्तुतज्ज्ञानं १८७७ साली डोळ्याच्या मापावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात तीन अंतरं सांगितली. इमारतीच्या उंचीइतक्याच अंतरावर उभं राहिलं तर तिचा माथा बघायला नजर ४५ अंशांत वर न्यावी लागते. इथून तपशील दिसतात, पण अख्खी इमारत एका नजरेत येत नाही. उंचीच्या दुप्पट अंतरावर हा कोन सुमारे २७ अंश होतो आणि इमारत पूर्ण, एकसंध दिसते. तिप्पट अंतरावर तो १८ अंशांवर येतो, आणि मग ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसह, रस्त्याचा एक भाग म्हणून दिसते. आता याच तीन अंतरांवर फुल फ्रेम कॅमेरा उभा आणि अगदी समतल धरला आहे असं समजा. सेन्सर ३६ मिलिमीटर उंच, म्हणजे क्षितिजाच्या वर १८ मिलिमीटर. इमारतीची उंची भागिले अंतर हे प्रमाण १८ भागिले फोकल लेंथ याच्याबरोबर आलं, की माथा फ्रेमच्या वरच्या कडेला टेकतो. (डोळ्याची उंची इथे सोडून दिली आहे, मोठ्या इमारतीसमोर ती नगण्य असते.) उंचीइतकं अंतर असेल तर लेन्स येते १८ मिलिमीटरची, दुप्पट असेल तर ३६ ची, तिप्पट असेल तर ५४ ची. म्हणजे इमारत ‘पूर्ण दिसण्याचं’ मेर्टेन्सचं अंतर आणि ३५ ची लेन्स हे एकाच कोनाचं मोजमाप आहे. पस्तीसनं काढलेला शहराचा फोटो ‘डोळ्यांनी पाहिल्यासारखा’ वाटतो असं सगळे म्हणतात. त्यामागे निव्वळ सवय नाही, त्याला ही भूमिती आहे.

हे ताडून पाहायला फ्लॉरेन्सच्या रेल्वे स्थानकाजवळचं सांता मारिया नोव्हेला चांगलं आहे. लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं रचलेला त्याचा पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा दर्शनी भाग एका चौरसात बसतो: रुंदी आणि उंची जवळपास सारखी, सुमारे ३५ मीटर. माथ्याखालच्या पट्टीवर १४७० हे साल रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. समोरचा चौक शहरातल्या मोठ्या चौकांपैकी एक. दोन दगडी स्तंभ तिथे ब्राँझच्या कासवांच्या पाठीवर उभे आहेत. दर्शनी भागाकडे तोंड करून सत्तर मीटर मागे आलं की उंचीच्या दुप्पट अंतर झालं. ३५ ची लेन्स उभी धरा: माथा वरच्या कडेशी येतो, आणि रुंदीत ४८ मीटर मावतात, म्हणजे चौरसाच्या दोन्ही अंगांना श्वास घ्यायला साडेसहा-साडेसहा मीटर उरतात. कॅमेरा वर कलवावा लागत नाही, म्हणून खांब खांबासारखे ताठ राहतात. एकावर एक मांडलेले चौरस, त्यांना जोडणाऱ्या बाजूच्या दोन मोठ्या गुंडाळ्या, हा आल्बेर्तीचा सगळा हिशोब काटकोनांवर उभा आहे. रेषा आत झुकल्या की तो हिशोबच दिसेनासा होतो.

यावर जाणकाराचा पहिला आक्षेप येईल तो असा: कॅमेरा समतल धरला तर फोटोचा खालचा अर्धा भाग नुसती फरशी. आक्षेप बरोबर आहे, आणि तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे. पॅरिसच्या गल्ल्या तीस वर्षांहून अधिक काळ टिपणारा यूजीन आत्जे १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा वापरायचा. रस्ता कमी आणि इमारत जास्त यावी म्हणून तो कॅमेऱ्याची पुढची पाटी, म्हणजे लेन्सच, वर सरकवायचा. त्याच्या बऱ्याच चित्रांत वरचे दोन कोपरे काळे, गोलसर कापल्यासारखे दिसतात. लेन्स इतकी वर सरकली, की तिच्या प्रकाशाचं वर्तुळ प्लेटीला अपुरं पडलं. ते काळे कोपरे त्यानं चालवून घेतले, झुकलेल्या भिंती चालवून घेतल्या नाहीत. आजच्या शिफ्ट लेन्स हेच काम करतात, पण त्या महाग, वजनदार आणि हातानं फोकस करायच्या असतात. प्रवाशानं त्यांच्या मागे लागू नये. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो खालून एक तृतीयांश कापला तरी सोळा उरतात, आणि घरातल्या भिंतीवर लावायच्या छापील चित्राला ते भरपूर आहेत. शिवाय फरशी नेहमीच वाया जाते असंही नाही. सकाळच्या ओल्या दगडावर चर्चचं प्रतिबिंब पडलेलं असेल, तिरपं ऊन असेल, माणसं ये-जा करत असतील, तर तोच भाग फोटोला जमिनीवर आणतो.

खरी अडचण सांता मारिया नोव्हेलापाशी नाही, कॅथीड्रलपाशी आहे. जोत्तोचा घंटामनोरा ८४.७ मीटर उंच. दुप्पट अंतर म्हणजे १७० मीटर, आणि तेवढी मोकळी जागा त्याच्या आसपास नाही. दर्शनी भागासमोर बाप्टिस्ट्री ठाण मांडून बसलेली, बाजूंना घरं. हा काही फ्लॉरेन्सच्या रचनेतला दोष नव्हे. व्हिएन्नाच्या कामिलो सिट्टेनं १८८९ च्या आपल्या ग्रंथात रोममधली २५५ चर्च तपासली, तर त्यांतली जेमतेम ६ चारी बाजूंनी मोकळी निघाली; बाकीची कुठल्या ना कुठल्या अंगानं दुसऱ्या इमारतींना चिकटलेली. जुनं इटालियन शहर लांबून अख्खं दिसावं म्हणून बांधलेलंच नव्हतं. गल्लीतून वळत वळत यावं आणि इमारत एकदम अंगावर यावी, अशी त्याची घडण आहे. नेमकी इथेच बहुतेक जण बॅगेतून १४ किंवा १६ मिलिमीटरची लेन्स काढतात. तिच्यात मनोरा मावतो, याबद्दल वाद नाही. पण सपाट सेन्सरवर सरळ रेषा सरळ ठेवण्याची किंमत कडेच्या वस्तू मोजतात. १६ च्या लेन्समध्ये आडव्या फ्रेमच्या कडेला नजरेचा कोन मध्यापासून ४८ अंश असतो, आणि तिथला चेंडू बाहेरच्या दिशेला दीडपट ताणला जातो. माणसाचं डोकंही तसंच. ३५ च्या लेन्समध्ये हाच ताण बारा टक्के आहे, डोळ्याला न खुपण्याइतका.

हा ताण चित्रकारांनी फार आधी ओळखला होता. व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या १५०९ ते १५११ च्या भित्तिचित्रात उजव्या टोकाला टॉलेमी आणि झरथुष्ट्र गोल हातात धरून उभे आहेत, एकाकडे पृथ्वीचा, दुसऱ्याकडे ताऱ्यांचा. चित्रातल्या कमानी आणि जमीन काटेकोर यथार्थदर्शनात आहेत. त्या नियमानं कडेचे हे गोल लंबवर्तुळाकार यायला हवेत. राफाएलनं ते सरळ वर्तुळं म्हणून रंगवले, आणि माणसांनाही ताणलं नाही. नियम त्याला ठाऊक होता, तरी कडेला तो पाळला तर बघणाऱ्याला खोटं वाटेल हेही ठाऊक होतं, म्हणून वास्तूला एक न्याय आणि गोलाला व माणसाला दुसरा, असा निवाडा त्यानं केला. १६ ची लेन्स असा निवाडा करू शकत नाही. ती सगळ्यांना एकाच नियमानं ताणते. पस्तीसनं चार-पाच फोटो घेऊन संगणकावर जोडले तर ही अडचण टळेल, असं कोणी सुचवेल. जोडलेलं चित्र पुन्हा सपाट पृष्ठावरच, त्याच कोनात मांडलं, तर ताण तसाच्या तसा परत येतो, कारण तो कोनाचा आहे, काचेचा नाही. कधीमधी लागलंच तर जोडून घ्यावं, पण तेवढ्यासाठी वेगळी लेन्स वाहून नेऊ नये.

मग अरुंद चौकात करायचं काय? मेर्टेन्सचं पहिलं अंतर पुन्हा पाहा. उंचीइतक्या अंतरावर, किंवा त्याहून जवळ, डोळ्याला तपशील दिसतात. आपण तिथे उभं राहून मनोरा ‘पाहतो’ म्हणजे प्रत्यक्षात नजर तळापासून वर चढवत नेतो, एका खिडकीवर थांबतो, मग दुसऱ्या. अति वाइड लेन्स तपशिलाच्या जागेवरून अख्ख्याचा आग्रह धरते, आणि हाती येतो तो वर निमुळता होत मागे कोसळणारा मनोरा. त्या जागेला शोभणारी लेन्स लांबची आहे. बाप्टिस्ट्रीचं पूर्वेचं दार घ्या. लोरेन्झो घिबेर्तीनं १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं त्यावर घालवली. सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या दहा चौकटी, प्रत्येक सुमारे ८० सेंटिमीटर बाजूची. दारावर १९९० पासून प्रतिकृती आहे, मूळ दार कॅथीड्रलच्या संग्रहालयात. तीन मीटरवर उभं राहून ८५ ची लेन्स लावली, तर एक चौकट सेन्सरवर २२-२३ मिलिमीटरची उमटते आणि आडव्या फ्रेमची २४ मिलिमीटरची उंची जवळजवळ पूर्ण भरते. चौकटीत पुढची माणसं जवळजवळ सुटी उभी आहेत आणि मागची इतकी उथळ, की नखानं ओरखडल्यासारखी. घिबेर्तीनं खोली दाखवली आहे ती या उंचसखलपणातून. ऊन कलतं आलं की हा फरक सावल्यांतून उठून दिसतो. १६ मिलिमीटरनं हीच चौकट सेन्सरवर सव्वाचार मिलिमीटरची होते. बाहेरच्या मनोऱ्याच्या पायथ्याची शिल्पंही अशीच: नांगरणारा, विणणारी, रंगवणारा, शहरातले एकेक धंदे एकेका षट्कोनात. ती वाचत वाचत पुढे जायची असतात.

लांबच्या जागांचा हिशोब करताना तर मला मौज वाटते, कारण शहरानंच त्या राखून ठेवल्या आहेत. कॅथीड्रलच्या मागच्या अंगानं ‘व्हिया देइ सेर्व्ही’ ही सरळ गल्ली निघते आणि सुमारे सव्वाचारशे मीटरवर आनुन्त्सियाता चौकात पोचते. ब्रुनेलेस्कीनं बांधलेल्या अनाथालयाची कमानींची ओळ याच चौकात आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी फेर्दिनान्दो या ग्रँड ड्यूकचा अश्वारूढ पुतळा घुमटाकडे तोंड करून उभा आहे. घुमट जमिनीपासून कळसापर्यंत सुमारे ११४ मीटर. पुतळ्यापाशी ८५ ची लेन्स उभी धरली तर ही उंची सेन्सरवर साडेबावीस मिलिमीटर होते, छत्तीसपैकी. गल्लीच्या दोन भिंतींमध्ये लाल कौलांचा घुमट भरून येतो. घुमटाचं हे मोठेपण काचेनं केलेली जादू नाही. ते त्या अंतराचं आहे. जसजसं चालत जवळ जावं, तसतशा समोरच्या भिंती आणि छज्जे मध्ये येतात आणि घुमट त्यांच्यामागे बुडू लागतो. कॅथीड्रलच्या दर्शनी दारासमोर तर तो दिसतच नाही. पोन्ते वेक्यो या पुलाचंही तसंच. १३४५ च्या सुमारास पुन्हा बांधलेला हा पूल जवळपास ८४ मीटर लांब, आणि तो बघायची जागा म्हणजे शेजारचा सांता त्रिनिता पूल, साधारण अडीचशे मीटरवर. तिथून ८५ च्या लेन्समध्ये पूल २८-२९ मिलिमीटर रुंद येतो, दोन्ही काठांची थोडी घरं धरून फ्रेममध्ये नेमका बसेल एवढा. ३५ नं तो फ्रेमचा एक तृतीयांश होतो आणि बाकी पाणी अन् आकाश उरतं. नदीपलीकडच्या टेकडीवरच्या पियाझ्झाले मिकेलांजेलोवरून मात्र ८५ थोडी तोकडी पडते, हे मान्य करायला हवं. कॅथीड्रल तिथून जवळजवळ १.३५ किलोमीटर लांब. ८५ नं ते सव्वासात मिलिमीटर उंच येतं, २०० नं सतरा. पण त्या टेकडीवरून एकटा घुमट बघायचा नसतो. पालाझ्झो वेक्योचा ९४ मीटरचा मनोरा, नदी, पूल आणि मागचे डोंगर यांच्यात त्याचं स्थान कुठे, ते तिथून कळतं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. एकच २४-१०५ झूम घेतली तर ३५ही मिळते, ८५ही मिळते, मधलं सगळंही. मग दोन लेन्सची उलाढाल कशाला? वजनाच्या मुद्द्यावर झूम हरत नाही. सोनीची २४-१०५ एफ/४ ही ६६३ ग्रॅमची. त्याच कंपनीच्या ३५ आणि ८५, दोन्ही एफ/१.८, मिळून ६५१. फिटंफाट. (व्यावसायिकांच्या तीन एफ/२.८ झूमची गोष्ट वेगळी: १६-३५, २४-७० आणि ७०-२०० यांच्या दुसऱ्या आवृत्त्या मिळून २२८७ ग्रॅम भरतात. केबिन बॅगेला सात-आठ किलोंची मर्यादा आणि घुमटाच्या ४६३ पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवल्या, तर त्या फेटाळायला एक वाक्य पुरे.) फरक आहे तो उजेडाचा. एफ/१.८ मधून एफ/४ च्या सुमारे पाचपट उजेड येतो, आणि युरोपातल्या जुन्या शहरात उजेड आपल्या अंदाजापेक्षा कमी असतो. फ्लॉरेन्स साधारण ४३.८ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी बारालाही सूर्य तिथे २३ अंशांपलीकडे चढत नाही. भिंतीची सावली भिंतीच्या २.४ पट लांब पडते. मुंबईत त्याच दिवशी सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो आणि सावली भिंतीहून थोडी आखूडच. भिंत वीस मीटर आणि गल्ली सहा मीटर असेल, तर पूर्व-पश्चिम गल्लीच्या जमिनीला हिवाळाभर ऊन लागत नाही. डिसेंबरच्या त्या आठवड्यात पावणेपाचला सूर्य मावळलेला असतो. स्टॅबिलायझेशन आहे ना, असं कोणी म्हणेल. ते आपल्या हाताचा कंप थांबवतं, समोरून चालत येणाऱ्या माणसाचं पाऊल थांबवत नाही. त्यासाठी शटर झटपट मिटावं लागतं, आणि त्यासाठी उजेड लागतो. जो उन्हाळ्यात जातो, दिवसाच फिरतो आणि संध्याकाळी कॅमेरा खोलीवर ठेवतो, त्यानं २४-१०५ खुशाल घ्यावी. इतरांसाठी माझं मत दोन स्थिर लेन्सच्या बाजूनं पक्कं आहे.

दुसरा आक्षेप मनातला आहे आणि म्हणून जास्त चिवट. व्हिसा, रजा, पैसे यांची जुळवाजुळव करून आयुष्यात एकदा माणूस एवढ्या लांब जातो. तिथे एखादी लेन्स नसल्यामुळे काही हुकलं तर? ही भीती खोटी नाही, तिला हसू नये. पण हुकण्याच्या बाजूला दोन गोष्टी लिहिल्या जात नाहीत. एक म्हणजे खांद्यावर ओझं असल्यामुळे जिथे आपण चढलोच नाही ती जागा, आणि लेन्स बदलेपर्यंत निसटलेला क्षण. दुसरी गोष्ट खिशात असते. आजच्या बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो, आणि पुष्कळ फोनमध्ये १३ च्या आसपासचा अति वाइडही. भर दिवसा, स्थिर इमारतीसाठी, तो कामचलाऊहून चांगला आहे. म्हणजे ज्या टोकाची धास्ती वाटते ते टोक आपण वेगळं वजन न वाहता नेतच असतो. फोनकडे नसतो तो मोठ्या सेन्सरवरचा मोकळा उजेड आणि लांबच्या तपशिलाचा कस, आणि ३५-८५ ची जोडी तेवढंच भरून काढते. ज्यांच्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आहे त्यांनी २३ आणि ५६ वाचावं, मायक्रो फोर थर्ड्स असेल तर १७ आणि ४२ किंवा ४५.

हा हिशोब फ्लॉरेन्सपुरता नाही, हे पॅरिस दाखवतं. तिथे १८५९ च्या नियमानं वीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरच्या घरांना छज्ज्यापर्यंत वीस मीटर उंची मंजूर झाली. म्हणजे वीस मीटरच्या रस्त्यात समोरच्या फुटपाथवरून दिसणारं घर पुन्हा मेर्टेन्सच्या पहिल्या अंतरावर, तपशिलाच्या. तिथे अख्खं घर मावत नाही म्हणून हळहळण्यापेक्षा लोखंडी कठडे आणि खिडक्यांच्या झडपा पाहाव्यात. आणि रस्त्याच्या लांबीत पाहिलं, तर टोकाला एखादी वास्तू उभी केलेली असते. आव्हन्यू द लोपेरा या रस्त्यावर तर मुद्दाम झाडं लावली नाहीत, की ऑपेराचं दर्शन कुठे अडू नये. दोन्ही दिशांना काम लांबच्या लेन्सचं आहे. मधल्या अंतराच्या चौकांना पस्तीस.

फ्लॉरेन्समध्येच आणखी एक जागा आहे, सांता मारिया नोव्हेलाच्या आत, डाव्या बाजूच्या भिंतीवर. सुमारे १४२७ साली मासाच्चोनं तिथे ‘त्रिमूर्ती’चं भित्तिचित्र काढलं: क्रूसावरचा ख्रिस्त, मागे पिता, आणि त्यांच्यावर कमानदार, चौकटी-चौकटींचं छत, जणू भिंत फोडून पलीकडे खोली काढली आहे. पुढे १५७० च्या सुमारास वास्तुकार वसारीनं त्याच्यासमोर वेदी उभारली आणि चित्र एकोणिसाव्या शतकापर्यंत तिच्यामागे झाकलेलं राहिलं. उंची सुमारे ६.६७ मीटर, रुंदी ३.१७. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत २०१४ पासून स्वतःसाठी फोटो काढायला मोकळीक आहे, पण फ्लॅश आणि ट्रायपॉड नाही. चर्चमध्येही तेच गृहीत धरून चालावं. म्हणजे हातात धरलेला कॅमेरा आणि जो असेल तो उजेड. छताच्या सगळ्या रेषा क्रूसाच्या तळाशी एका बिंदूकडे धावतात, आणि तो बिंदू जमिनीपासून उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. त्याच्या वर चित्र उरतं साधारण पाच मीटर. पस्तीसची लेन्स एफ/१.८ वर उघडायची, कॅमेरा उभा आणि समतल धरायचा, डोळा त्या बिंदूच्या बरोबर समोर, आणि भिंतीपासून दहा मीटर मागे यायचं. तिथे चित्राचा माथा फ्रेमच्या वरच्या कडेला टेकतो, तो बिंदू फ्रेमच्या मध्यावर येतो, आणि रंगवलेलं छत आत खोल जातं.